कस्टमच्या दारातली सायकल

सायकलच्या सुट्या भागांवरचा आयातकर हा बायकांच्या चळवळीचा प्रश्न आहे का? आमच्या गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा दोघी-तिघी हसल्या. कळवण तालुक्यात प्रश्नांना काय तोटा आहे? उन्हाळ्यात पाड्यावर पाणी नाही, कांद्याला भाव नाही, निंदणी-खुरपणीला बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी, आश्रमशाळेतल्या मुलींच्या तक्रारी वेगळ्याच. त्यात परदेशातून सायकलचा भाग मागवणाऱ्या बाईचं दुखणं म्हणजे भरल्या पोटाचं दुखणं, असं एकीने तोंडावर सांगितलं. तिचं म्हणणं मला समजतं. पण एका पार्सलाच्या मागे लागून मला ज्या गोष्टी कळल्या, त्या पोट भरलेल्या बाईपुरत्या नाहीत. म्हणून हा विषय तुमच्यापुढे मांडते आहे.

पार्सल माझ्या भाचीचं. ती कळवणजवळच्या एका शाळेत शिकवते आणि रोज सायकलने जाते. उंचीने पाच फुटांच्या आत. इथे दुकानात मिळणारी गिअरची सायकल तिला नेहमी मोठी व्हायची. सीट खाली घेतलं तरी हँडल लांब, ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटं पुरेनात. शेवटी नाशिकच्या एका सायकलवालीकडून तिने लहान चौकटीची परदेशी सायकल जुनी म्हणून विकत घेतली. २०२४ च्या पावसाळ्यात नांदुरीच्या घाटात ती घसरली. तिला खरचटण्यावर निभावलं, पण सायकलचा हँगर मोडला. मागचा गिअर चौकटीला ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने जोडलेला असतो, तो हा हँगर. बोटभर लांबीचा. आपटल्यावर चौकट वाचावी आणि हा तुकडा मोडावा, अशीच त्याची रचना असते. अडचण अशी की जवळजवळ प्रत्येक बनावटीच्या सायकलीचा हँगर वेगळा. नाशिकच्या मिस्त्रीने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "ताई, हा इकडे मिळायचा नाही. बाहेरून मागवा."

मागवला. तुकड्याची किंमत आपल्या पैशात १,४०० रुपये, पाठवण्याचा खर्च १,६००. आठ-दहा दिवसांत मुंबईला पोचलासुद्धा. आणि तिथे बसला. कुरिअर कंपनीचा इंग्रजीत निरोप आला की कस्टमसाठी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या. भाचीने पॅन कार्ड आणि आधार कार्ड पाठवलं. त्यावर दुसरा निरोप आला, की दोन्हींवरची नावं जुळत नाहीत. ती जुळणार कशी? पॅन कार्ड लग्नाआधीचं, त्यावर तिचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. बँकेचं खातंही त्याच नावाने, म्हणून मागणीही त्याच नावाने. आधार मात्र लग्नानंतर सासरच्या पत्त्यावर बदललेलं, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. कंपनीने सांगितलं, लग्नाचा दाखला पाठवा. लग्न मांडवात झालं होतं, नोंदणी कुणीच केली नव्हती. मग ग्रामसेवकाकडे अर्ज, तीन साक्षीदार, फोटो आणि नवऱ्याची सही. भाचीचा नवरा चांगला आहे, तो हसत सही करून आला. पण ती मला म्हणाली, "मावशी, पैसे माझे, सायकल माझी, पडले मी, आणि सही त्यांची!"

तोवर पार्सल पडून राहिल्याचं भाडं वाढत होतं. तुकडा हातात पडायला पाच आठवडे लागले. कर, कंपनीचा हाताळणीचा आकार आणि भाडं मिळून आणखी १,९०० रुपये गेले. १,४०० च्या तुकड्याला ४,९०० रुपये. आणि पाच आठवडे शाळेला जायला रोज जीपची वाट पाहायची, तो हिशेब कुठल्याच पावतीवर नाही.

आता या घटनेचे दोन भाग करून पाहू. एक पैशाचा, एक नावाचा.

पैशाचा भाग आधी. परदेशातून आलेल्या वस्तूवर कर लावताना सरकार नुसती वस्तूची किंमत धरत नाही. वाहतूक आणि विमा धरून किंमत ठरवतं. म्हणजे तुकडा लहान आणि पाठवण्याचा खर्च मोठा असला, तर त्या खर्चावरही आयातशुल्क बसतं. मग शुल्कासह जी बेरीज होते तिच्यावर जीएसटी. करावर कर. तयार सायकलीचं उदाहरण घेऊ. २०२३ च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचं मूळ आयातशुल्क ३० टक्क्यांवरून ३५ टक्के झालं. त्या वेळी सायकलवर जीएसटी १२ टक्के होता. म्हणजे १०० रुपयांची सायकल शुल्कासह १३५ ची आणि त्यावर १२ टक्के धरून १५१ रुपये २० पैशांची. इतर आकार वेगळे. सुट्या भागांचे दर निराळे असले तरी हिशेबाची रीत हीच.

कराच्या यादीत सायकलच्या भागांना कुठे जागा दिली आहे, तेही पाहण्यासारखं आहे. सीमाशुल्काच्या यादीत ८७१४ हा एक क्रमांक आहे. त्यात मोटरसायकलचे भाग, अपंगांच्या चाकाच्या खुर्चीचे भाग आणि सायकलचे भाग असे तिघे शेजारी-शेजारी बसवलेले आहेत. सायकलची चौकट, रिम, ब्रेक, सीट, पेडल यांना प्रत्येकी वेगळा पोटक्रमांक. म्हणजे सीट कसलं आणि पेडल कसलं हे सरकारला बारकाईने कळतं. पण ते दुकानदाराच्या हजार नगांच्या पेटीतून येतं आहे की एका बाईच्या रोजच्या सायकलीसाठी एकच येतं आहे, हा फरक पार्सलाच्या दारात फारसा उपयोगी पडत नाही.

पूर्वी परदेशातल्या नातेवाइकाने ठरावीक किमतीपर्यंतची भेट पाठवली तर तिच्यावर कर नसे. परदेशी ऑनलाइन दुकानं या सवलतीचा गैरफायदा घेऊन मालच 'भेट' म्हणून पाठवू लागली, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ती वाट बंद केली. पूर्ण कर भरून भेट मागवता येते, विनाकर नाही. अपवाद दोनच ठेवले. जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीबरोबरची भेटवस्तू मात्र नाही, असंही नियमात स्पष्ट लिहिलं. मैत्रिणींनो, यावर मी फार भाष्य करत नाही. बहिणीने भावाला पाठवलेला धागा सरकारच्या लक्षात राहिला याचा आनंदच आहे. भावाने किंवा मावशीने बहिणीच्या सायकलीसाठी पाठवलेला तुकडा कुणाच्या लक्षात राहावा, एवढंच विचारते.

आमच्या तालुक्याला 'कस्टम' हा शब्द सायकलने शिकवलेला नाही, कांद्याने शिकवला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये ती उघडली, पण ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. या दीड वर्षात बंदरावर एक आकडा बदलला की आमच्या बाजार समितीत त्याच दिवशी भाव हलत होता, आणि चाळीत कांदा निवडणाऱ्या बाईची मजुरीही त्याबरोबर हलत होती. रोपं लावणं, काढणी, कापणी, निवडणी ही सगळी कामं मुख्यतः बायकांची. सातबारा पुरुषाचा. म्हणून शुल्कावर बोलायला आंदोलनात पुरुष पुढे, आणि भाव पडल्यावर घरात काटकसर करायला बाई पुढे. बाहेर जाणाऱ्या मालाचा कर आपण सोसला, आत येणाऱ्या मालाचाही सोसतो. सीमेवरचा हा दरवाजा दोन्ही बाजूंनी आपल्या घरात उघडतो. मग तो पुरुषांचा विषय म्हणून सोडून का द्यायचा?

जगभर हे दार सध्या घट्ट होत चाललं आहे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्याची अमेरिकेला जाणारी पार्सलं काही आठवडे थांबली होती. दिवाळी तोंडावर. लेकीला चकल्या-अनारसे पाठवण्याच्या तयारीत असलेल्या कितीतरी आयांना त्या वर्षी सीमाशुल्क म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं असेल.

इथे एक रास्त प्रश्न येतो. आयातकर नसावा असं माझं म्हणणं आहे का? नाही. लुधियानात सायकली आणि तिचे भाग बनवणारे हजारो कामगार आहेत, त्यांत बायकाही आहेत. बाहेरचा स्वस्त माल सरसकट आत सोडला तर आधी त्यांची भाकरी जाईल. आमच्या पाड्यांवरच्या मुली ज्या सायकली चालवतात त्या इथल्याच कारखान्यातल्या आहेत, आणि त्या तशा असाव्यात. पण संरक्षण द्यायचं तर ते कशाला, हे विचारायला हवं. जो भाग इथे बनतच नाही, त्याच्यावरच्या कराने इथल्या कुठल्या कामगाराचं रक्षण होतं? लहान उंचीच्या बाईच्या मापाची गिअरची चौकट, बायकांच्या रुंद कटीला मानवेल असं सीट, लहान हाताला पुरेल अशी ब्रेकची दांडी, हे कळवणसारख्या गावातल्या दुकानात मागून बघा. मिळेल ती दांडी नसलेली, पुढे टोपली लावलेली 'लेडीज' सायकल. नेसण्याचा विचार केला, अंगाचा नाही. माप पुरुषाचं ठरलेलं, आणि त्या मापात न बसणारीने वरचा कर भरायचा, असा हा व्यवहार आहे.

आणि सायकलीबद्दल सरकारचं मन काय आहे हे देशातल्या करातूनही दिसतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सायकल १२ टक्क्यांत बसली. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, मोटारींचासुद्धा. सायकल मात्र १२ टक्क्यांतच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ ला सायकल आणि तिचे भाग ५ टक्क्यांत आले. म्हणजे सहा वर्षं या देशात लाखो रुपयांच्या विजेच्या मोटारीवर ५ टक्के कर होता आणि दूधवाल्याच्या, मजुराच्या, शाळकरी मुलीच्या सायकलीवर १२ टक्के. प्रदूषण टाळण्याचं बक्षीस मोटारीला, आणि ज्या वाहनाला धूरच नाही त्याला नाही.

सायकल बाईच्या आयुष्यात काय करते, हे आपल्याला नव्याने सांगायची गरज नाही. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती मोहिमेचा भागच केली. शेतमजूर, खाणमजूर, परिचारिका, अंगणवाडीच्या बाया, अशा हजारोंनी सायकली हातात घेतल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात त्या योजनेने मुलींची माध्यमिक शाळेतली योग्य वयातली पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुलगा-मुलगी यांतली दरी ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते. तिची रक्कम २०२२ मध्ये ३,५०० वरून ५,००० रुपये झाली.

पण सायकल दिली म्हणजे ती चालत राहते असं नाही. आमच्या भागात दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीला टेकलेल्या सायकली मी मोजत नाही, कारण मोजताना जीव थकतो. ट्यूब फाटली, फ्रीव्हील बसलं, ब्रेकची केबल तुटली. सायकलचं दुकान बाजारच्या गावात, मिस्त्री पुरुष, आणि दोनशे रुपये मागायचे तर बापाकडे. मग सायकल पडून राहते, पाठोपाठ मुलगी घरी बसते. माझ्या भाचीचा हँगर आणि पाड्यावरच्या मुलीचं फ्रीव्हील यांच्या किमतीत मोठी तफावत आहे. पण दोघींचंही चाक एका लहान भागापाशी थांबलं, आणि दोघींनाही तो मिळवायला कुणा पुरुषाचा हात लागला.

इथून मी नावाकडे येते. मला हा भाग पैशापेक्षा जास्त बोचतो. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कायदा या देशात नाही. रीत आहे. रीतीप्रमाणे वागली की एका कागदावर बापाचं नाव, दुसऱ्यावर नवऱ्याचं. मग रेशन असो, बँक असो, शिष्यवृत्ती असो की कस्टम, प्रत्येक खिडकीवर तीच बाई 'जुळत नाही'. पुरुषाला हा प्रश्न जन्मात येत नाही. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव लागेल. चांगलं पाऊल, आपण त्याचं स्वागत केलं. पण त्याच निर्णयात विवाहित बाईच्या बाबतीत बाईचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, ही जुनीच पद्धत चालू ठेवली. मुलाच्या नावात आई आली, आईच्या नावातला नवरा तिथेच राहिला.

भाचीने सही आणली, कारण नवरा सही करणारा होता. आमच्या गटात येणाऱ्या परित्यक्ता मैत्रिणींनी ती कुणाकडून आणायची? आधारवर ज्याचं नाव आहे तो सात वर्षांपूर्वी सोडून गेला. त्याच्या सहीशिवाय लग्नाचा दाखला नाही, दाखल्याशिवाय नाव जुळत नाही, नाव जुळल्याशिवाय वस्तू सुटत नाही. आज ती वस्तू सायकलचा तुकडा असेल. उद्या चाकाच्या खुर्चीचा भाग असेल, आणि तोही त्याच ८७१४ क्रमांकाखाली त्याच दारात अडकेल.

कराचे नियम बदलत नाहीत असं समजू नका. २०१७ मध्ये सॅनिटरी पॅडवर १२ टक्के जीएसटी लावला, आणि कुंकू, टिकली, बांगडी करमुक्त ठेवली. तेव्हा सरकारचं म्हणणं होतं, की पॅड करमुक्त केले तर बाहेरून येणाऱ्या मालाच्या तुलनेत इथल्या उत्पादकांचं नुकसान होईल. पण बायका गप्प बसल्या नाहीत. सह्या झाल्या, मोर्चे झाले, कोर्टात अर्ज गेले. जुलै २०१८ मध्ये तो कर गेला. सगळीकडे पॅड तेवढे स्वस्त झाले का, हा प्रश्न उरतोच, कारण कच्च्या मालावरचा कर राहिला. तरी एक गोष्ट पक्की झाली, की कराच्या तक्त्यावर बाई बोट ठेवू शकते.

म्हणून माझं म्हणणं चार गोष्टींत सांगते. स्वतःच्या वापरासाठी आलेला, इथे न बनणारा एखाद-दुसरा दुरुस्तीचा भाग, सायकलचा असो वा चाकाच्या खुर्चीचा, ठरावीक किमतीपर्यंत करमुक्त असावा. राखीला जमतं ते याला जमावं. कराचा आणि कागदपत्रांचा निरोप मराठीत यावा, आणि प्रत्येक रुपया कशाचा ते त्यात लिहिलेलं असावं. सरकारचा कर किती आणि कंपनीचा आकार किती, हे वेगळं दिसावं. नाव जुळत नसेल तर बाईचं स्वतःचं स्वघोषणापत्र पुरावं, नवऱ्याच्या सहीशी त्याचा संबंध नसावा. आणि सायकल देणाऱ्या योजनेत दुरुस्तीचा पैसा धरावा, तोही मुलीच्या खात्यात.

पहिल्या तीन गोष्टी दिल्लीत ठरतील, त्यासाठी वेळ लागेल. चौथी इथली आहे, आणि तिच्यासाठी आपण थांबायची गरज नाही. आमच्या गटाने या हिवाळ्यात बाजारच्या दिवशी दोन तास मुलींना पंक्चर काढणं, केबल बदलणं, फ्रीव्हील उघडणं शिकवायचं ठरवलं आहे. पाना-पक्कड, पंप आणि एक जुनी सायकल एवढंच भांडवल. शिकवणार भाचीच. तुमच्या गावात असं काही चालू असेल तर जरूर कळवा. आणि कस्टमने, कुरिअरने किंवा कुठल्याही खिडकीने 'नाव जुळत नाही' म्हणून तुमची वस्तू, पैसा किंवा अर्ज अडवला असेल, तर ती पावती, तो निरोप फाडून टाकू नका, जपून ठेवा. शंभर बायकांच्या शंभर पावत्या एकत्र आल्या, तर बैठकीत हसलेल्या आमच्या मैत्रिणीही त्या मोजायला बसतील याची मला खात्री आहे. त्यातल्या एकीने परवाच मला तिची पावती आणून दिली. ती रेशनच्या दुकानातली आहे.